डावीकडची तार

नांदेडला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, त्यांच्या डाव्या बाजूला बसायची कोणाला परवानगी नव्हती. पाहुणा असो, पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला माणूस असो. व्हरांड्यात त्यांची वेताची खुर्ची भिंतीशी अशी तिरपी लावलेली असे, की फाटकातून येणारा आपोआप उजवीकडच्या बाकावर बसे. कोणी चुकून डावीकडं वळलाच तर ते हातातल्या पेपरानं बाक दाखवायचे.

"इकडं बसा. तिकडं मी नसतो."

लहानपणी गालगुंड होऊन त्यांचा डावा कान गेला होता. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आणि नांदेडात त्यांचे विद्यार्थी आजही त्यांचा उल्लेख 'उजवे सर' असाच करतात. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला 'बँकवाले' म्हणायचे, कारण मी बँकेत होतो आणि माझं नाव लक्षात ठेवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही, ही गोष्ट मला त्यांच्याकडं राहायला गेल्यावर समजली. फोन वाजला की ते घरभर फिरायचे. देवघरात बघायचे, न्हाणीत बघायचे, आणि फोन खिशात असायचा. वर्गात मागून कोणी शीळ घातली तर चुकीच्या बाकावरच्या पोराला मार बसायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. नांदेडात कधीमधी जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, भांडी थरथरतात, लोक गल्लीत येऊन उभे राहतात. अशा वेळी काकाही बाहेर यायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "कोणीकडून आला?" लोक म्हणायचे, "सर, खालून आला." ते खाली बघत उभे राहायचे. जगाला नकाशे वाचायला शिकवलेला माणूस, पण आवाजाला दिशा असते हे त्यांना फक्त ऐकून माहीत होतं.

त्या डाव्या बाजूला एकच व्यक्ती बसायची. काकू.

काकू रेणापूरच्या. लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांचा कोणीतरी भाऊ काकांच्या डावीकडं वाकून काहीतरी बोलला आणि सगळी पंगत हसली. काय बोलला ते काकांना कळलं नाही. कोणी सांगितलंही नाही. त्यानंतर काका कधी रेणापूरला गेले नाहीत आणि काकूंनाही जाऊ दिलं नाही. त्या घराचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. म्हणून काकू त्यांच्या उजव्या बाजूला रेणापूरचं काही बोलत नसत. बाकीचं बोलत. आणि जे उजवीकडं बोलता येत नव्हतं ते त्या डावीकडं बोलत.

हे मला जिन्यावरून दिसायचं. संध्याकाळी बँकेतून आलो की मी जिन्याच्या मधल्या पायरीवर चहा घेऊन बसायचो. खाली व्हरांड्यात काका पेपर वाचत असायचे आणि काकू डाव्या बाजूला पाटावर बसून शेंगा निवडत असायच्या. चेहरा अगदी साधा. आवाज देवापुढं स्तोत्र म्हणावं तसा.

"तुमच्या बहिणीनं दिलेली साडी मी भांडेवालीला दिली हो. तिला छान दिसते."

काका पान उलटायचे.

"काल पाहुण्यांसमोर तुम्ही जे बोललात ना, ते मला लई लागलं. तुम्हाला काय त्याचं."

काका पान उलटायचे. मी आणि बायको वर हसायचो. आम्हाला ती गंमत वाटायची.

शेवटच्या वर्षी मात्र एकच वाक्य राहिलं. रेणापूरला त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. काकू रोज संध्याकाळी डावीकडून म्हणायच्या, "मला एकदा रेणापूरला न्या हो. धाकटीजवळ महिनाभर राहते." मग थोडा वेळ थांबायच्या, जणू उत्तर येणार आहे. मग शेंगा निवडायला लागायच्या.

माझी बायको म्हणाली, "तुम्ही सांगा ना काकांना. तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "त्यांच्या घरातलं आपण कशाला बोलायचं?"

हे मी तिला सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. ते वर्ष मुलीच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं होतं. आम्ही दोघंही नोकरीला. दुपारी क्लासवरून आल्यावर तिला गरम जेवायला काकू वाढायच्या, तिच्याजवळ बसायच्या, तिला झोप लागली तर उठवायच्या. काकू महिनाभर रेणापूरला गेल्या असत्या तर पोरीचं काय झालं असतं, हा हिशेब मी जिन्याच्या पायरीवर बसून केला होता. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं होतं.

परीक्षेच्या आधीच काकू गेल्या. सकाळी पोळ्या लाटता लाटता बसल्या आणि गेल्या. बहिणीला तर येताही आलं नाही.

त्यानंतर काकांनी दिवसभर रेडिओ लावायला सुरुवात केली. इतका मोठा, की आमच्या फरशीला हात लावला तर गाणं लागायचं. मुलगी कानात कापूस घालून अभ्यास करायची. आवाज कमी करा म्हणायची माझी हिंमत नव्हती. माझ्याकडं जुना, चांगला हेडफोन होता. गाणी नीट ऐकायची मला आवड आहे, तेवढा एकच माझा खर्चिक नाद. हेडफोन आणि त्याला जोडायचा छोटा ॲम्प्लिफायर मी खाली नेऊन दिला. त्यांच्या फोनवर जुनी हिंदी गाणी लावून दिली. काकांचे डोळे भरून आले. "एवढं कोण करतं बँकवाले," म्हणाले. मी वर आलो. घर शांत झालं होतं. मुलगी अभ्यास करत होती.

काही दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं.

"यात डावीकडं कोण बोलतं?"

"डावीकडंही गाणंच येतं काका."

"गाणं मला उजव्यात येऊन राहिलंय. डावीकडं कोणीतरी बोलतंय."

"पण तुम्हाला डावीकडं तर..."

"ऐकू येत नाही. म्हणूनच विचारतो."

मी त्यांना समजावलं. डाव्या बाजूचा आवाज डोक्याच्या हाडातून उजव्या कानापर्यंत थोडासा पोचतो, तेच असणार. त्यांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "सत्तरी उलटली माझी. पहिल्यांदा मला आवाजाची बाजू कळली. ती डावी आहे. हाड-बिड मला सांगू नका."

आणि मग थेट माझ्याकडं बघून, "ती डावीकडून बोलायची. पाटावर बसून ओठ हलायचे तिचे, दिसायचे मला कधी कधी. तुम्ही जिन्यावर असायचात. काय बोलायची?"

"घरातलंच. भाजी, भांडी."

"जन्मभर भाजी?"

मी मान डोलावली. त्यांनी अजून थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मग मीच ऐकतो. डावीकडचं गाणं तेवढं बंद करून द्या."

फोनमध्ये आवाज डावा-उजवा करायची पट्टी असते. ती मी पूर्ण उजवीकडं सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, की डावीकडं अजून गाण्याची कुजबुज आहे आणि तिच्यात तिचं बोलणं बुडतं. मी डावी बाजू माझ्या कानाला लावून बघितली. खरंच होती कुजबुज. अगदी बारीक, भिंतीपलीकडं कोणी गावं तशी.

याचं कारण मात्र मला माहीत होतं. साध्या हेडफोनच्या तारेत तीन वाटा असतात. डाव्या कानाला जायची एक, उजव्या कानाला जायची एक, आणि परत यायची दोघांची मिळून एकच. त्या सामाईक वाटेतून एकाचं थोडं दुसऱ्यात झिरपतं. बॅलन्स्ड तार असते तिच्यात चार वाटा. प्रत्येक कानाची जायची वेगळी, यायची वेगळी. माझ्या ॲम्प्लिफायरला तसल्या तारेचं भोक होतं, मी कधी वापरलं नव्हतं.

काकांना हे लगेच समजलं. "म्हणजे मांजरेचं पाणी मांजरेत, मन्याडचं मन्याडात."

"हो."

"पण शेवटी सगळं गोदावरीतच जातं की."

"यात शेवटीसुद्धा मिळत नाही."

"मग हीच पाहिजे."

तो सगळा महिना आम्ही तार निवडण्यात घालवला. खरं सांगायचं तर मी घालवला. मी त्यांना एक वाक्य सांगितलं असतं तर कुठल्याच तारेची गरज नव्हती, आणि हे मला रोज कळत होतं. म्हणून मी जास्तच मन लावून तारा शोधत होतो. कोणती चांदीचा मुलामा दिलेली, कोणती शुद्ध तांब्याची, कोणती कापडात विणलेली. मी त्यांना सांगायचो की चांदीमुळं आवाजात काही फार फरक पडत नाही, वाटा चार आहेत की नाहीत एवढंच बघायचं, पिनेवर काळ्या चकत्या किती आहेत ते मोजायचं, आणि हेडफोनच्या कानावर बसणाऱ्या दोन्ही वाट्यांत जाणारी टोकं आपल्या मापाची आहेत ना ते तपासायचं. ते शाळेतल्या पोरासारखं ऐकायचे.

दोन तारा मागवून परत केल्या. पहिली कापडाची होती. काकांनी ती हेडफोनला लावली, सदऱ्यावर घासली आणि काढून ठेवली. "हिचंच बोलणं जास्त आहे." ते बरोबर होतं. कापडाची तार अंगाला घासली की खरखर कानात येते. दुसरी चांदीची, जाड आणि ताठ. ती मान वळवू द्यायची नाही. "तिच्याकडं वळावं लागेल मला," ते म्हणाले. "आयुष्यभर वळलो नाही, आता तरी तार आडवी यायला नको."

तिसरी मऊ रबराची, तांब्याची, काळी. ती मी बँकेतून येता येता कुरियरवाल्याकडून सोडवून आणली आणि जिना चढायच्या आधी त्यांच्याच खुर्चीपाशी जोडली. उजवी बाजू माझ्या कानाला लावून बघितली. गाणं स्वच्छ येत होतं. डावी बघितली नाही. डावीकडं काही येऊच नये हीच तर मागणी होती.

काकांनी हेडफोन घातला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, गाढ झोप लागताना होतो तसा. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता स्पष्ट आहे."

मी काय स्पष्ट आहे ते विचारलं नाही.

पुढं ते उठता-बसता तो हेडफोन घालून असायचे. जेवताना मध्येच 'हं' म्हणायचे. एकदा भाजीत मीठ टाकायला गेले आणि हात थांबवून म्हणाले, "टाकलंय? बरं." माझी बायको तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होती. ती त्यानंतर खाली एकटी जायला तयार नसे. पाट अजून डाव्या बाजूलाच होता, त्यावर धूळ नसायची. पुसत कोण होतं, काकाच पुसत असणार, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मग एका दुपारी, शनिवारची सुट्टी होती, लाईट गेली. उन्हाळ्यात जाते तशी. पंखे थांबले, गल्लीतला सगळा आवाज थांबला. मी हवेला म्हणून खाली उतरलो. काका खुर्चीत हेडफोन लावून बसले होते. ॲम्प्लिफायरचा दिवा विझलेला होता.

मी उजवीकडून म्हणालो, "काका, लाईट गेली. काढा ते, गरम होत असेल."

"माहीत आहे. गाणं बंद झालं," ते म्हणाले. "ती चालूच आहे."

मी बाकावर बसलो.

"रेणापूरचं बोलून राहिली," काका म्हणाले. "आणि कालपासून एक विचारतेय. वरच्यांनी ऐकलं होतं का म्हणते."

फाटकाच्या लोखंडावर एक कावळा चोच उघडी ठेवून बसला होता.

काकांनी हेडफोन काढला. त्याची डावी बाजू माझ्यासमोर धरली, प्रसाद द्यावा तशी. आणि दुसऱ्या हाताचा तळवा आपल्या उजव्या कानावर घट्ट दाबला.

"मला नका सांगू," म्हणाले. "तिला सांगा."

मी शहाणासुरता माणूस. हेडफोनमध्ये बोललेलं कुठं जात नाही हे मला कळत होतं. तरी मी वाकलो. त्या वाटीच्या मऊ कातड्याला ओठ लागतील इतकं वाकलो आणि म्हणालो, "हो काकू. ऐकलं होतं. रोज ऐकलं होतं."

पुढचं, मुलीचं, जेवणाचं, परीक्षेचं, तोंडातून निघालं नाही. मी सरळ बसलो. काकांनी कानावरचा हात काढला.

"झालं?"

"झालं."

त्यांनी हेडफोन पुन्हा घातला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो.

"काय म्हणाल्या?"

"गप्प बसली," काका म्हणाले. "अजून काहीतरी असेल म्हणून वाट बघतेय."

लाईट यायला बराच वेळ लागला. ती यायच्या आधी ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "थोडं मलापण यायचं ऐकू तेव्हा. भिंतीला लागून यायचं. रेणापूर एवढं कळायचं. मी पान उलटायचो."

आठ दिवसांनी मी त्यांना माझ्या गाडीतून रेणापूरला नेलं. लोहा, अहमदपूर करत गेलो. काकांनी हेडफोन कापडी पिशवीत घालून मांडीवर धरला होता. तिथं धाकटीची खाट भिंतीला लावलेली होती आणि बसायला एकच जागा होती, अशी की ती त्यांच्या डावीकडं येई. घरातल्या लोकांनी खाट सरकवायची तयारी केली. काका म्हणाले, "राहू द्या," आणि बसले. लग्नानंतर पहिल्यांदा, काकू सोडून, त्या घरातलं कोणी त्यांच्या डावीकडं होतं.

त्यांनी पिशवीतून हेडफोन काढला आणि डावी बाजू म्हातारीच्या उशीजवळ ठेवली. तारेची पिन मोकळी लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती. मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. म्हातारीला नवलही वाटलं नाही. तिनं मान कलती केली आणि म्हणाली, "अक्का? लई उशीर केलास गं." मग ती बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. काका समोरच्या भिंतीकडं बघत बसले होते. ऐकू येत होतं की नव्हतं, सांगता येणार नाही. या वेळी उलटायला पान नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली लातूरला झाली. मुलीला हवं ते कॉलेज मिळालं होतं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "तुमचं राहिलेलं सांगा कधीतरी. ती विसरत नाही." मी हसून मान हलवली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. उजवा कान उशीवर ठेवून, म्हणजे सगळं जग बंद करून, झोपेतच. त्यांच्या पुतण्यानं एक खोका आणून दिला. 'बँकवाल्यांना द्या' असं त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. आत हेडफोन, ॲम्प्लिफायर आणि ती काळी तार, नीट गुंडाळलेली.

खोका बरेच दिवस कपाटावर पडून होता. गेल्या रविवारी दुपारी काढला. सवयीनं आधी तार मीटरवर तपासली. तार सलग असेल तर मीटर वाजतो. उजव्याच्या दोन्ही वाटांना वाजला. डाव्याच्या एकीला वाजला नाही. दुसरीलाही नाही. मी पिनेचं टोपण फिरवून काढलं. डावीकडच्या दोन्ही तारा आतमध्ये आखूड कापलेल्या होत्या, टोकं जुनी, काळवंडलेली. त्यांना जोडणारा कथलाचा डाग कधी लागलाच नव्हता. कारखान्यातच राहून गेलं असणार. उजवी बाजू वेगळी असल्यानं तिला याचा पत्ताच नाही. ज्यांच्यासाठी घेतली त्यांना डावीकडचं ऐकू येत नव्हतं, आणि मी तर बघितलंच नव्हतं.

त्यांनी मागितली होती तशीच तार मी त्यांना दिली होती. डावीकडं काही येऊ न देणारी. तिच्यातून पहिल्या दिवसापासून काहीही आलं नाही, आणि ते म्हणाले होते, आता स्पष्ट आहे.

बायको पदराला हात पुसत येऊन बघून गेली. "डाग द्यायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो?" म्हणाली. "द्या आणि लावा गाणी. एवढा चांगला हेडफोन."

ती आत गेल्यावर मी डावी वाटी हातात घेतली. दुसरा तळवा उजव्या कानावर दाबला, त्यांनी दाबला होता तसा. आणि राहिलेलं सगळं सांगितलं. माझ्या मुलीला दुपारी गरम जेवण मिळावं म्हणून मी गप्प बसलो, हेही, आणि हेडफोन तुमच्या नवऱ्यासाठी नव्हता, आमच्या शांततेसाठी होता, हेही. मग ती वाटी कानाला लावून बसलो.

डाग देण्याची कांडी टेबलावर तापत ठेवली होती. थोड्या वेळानं मी तिचं बटण बंद केलं. तार जोडली तर डावीकडं गाणं यायला लागेल, आणि मग ती बाजू कोणासाठी मोकळी राहणार नाही.